स्पेक्ट्रो घेताय? जालन्यातल्या एका भट्टीच्या लॅबमधून, तीन वर्षं वापरल्यानंतर

आमच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रो, म्हणजे पोलादात कुठलं मूलद्रव्य किती टक्के आहे ते सांगणारा स्पेक्ट्रोमीटर, बसला त्याला या पोळ्याला तीन वर्षं झाली. परवा एमआयडीसीतल्याच दुसऱ्या एका युनिटमधल्या केमिस्ट मैत्रिणीचा फोन आला. "ताई, आमचे शेठ कोटेशन घेऊन बसलेत. घ्यायला सांगू का?" तासभर बोलले तिच्याशी. फोन ठेवल्यावर वाटलं, हे लिहूनच काढावं. विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात यातलं निम्मंही नसतं.

आमचं युनिट जालन्यातल्या इतर भट्ट्यांसारखंच. १२ टनांची विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी, पुढे पातळ पोलादाचे ठोकळे, म्हणजे बिलेट, ओतणारा कॅस्टर, त्यापुढे ते लाटणारी रोलिंग मिल. भंगार आणि स्पंज आयर्न आत जातं, सळई बाहेर येते. आमचा स्पेक्ट्रो टेबलावर बसणारा, स्पार्क पद्धतीचा, फक्त लोखंडाच्या बेसचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतली तीन-चार यंत्रं मी जवळून पाहिली आहेत आणि खालचं बहुतेक सगळं त्या सगळ्यांना लागू पडतं.

आधी तो करतो काय ते सांगते, कारण पुढची प्रत्येक अडचण त्यातूनच येते. भट्टीतून काढलेल्या नमुन्याची डिस्क घासून स्पार्क स्टँडवर ठेवायची. खाली टंगस्टनचं टोकदार इलेक्ट्रोड, मधे तीन-चार मिलिमीटरची फट, आणि त्या फटीत आरगॉन, कशाशीही संयोग न होणारा वायू. स्पार्क पडला की डिस्कच्या पृष्ठभागावरचं पोलाद कणाकणाने वाफ होऊन झगमगतं. त्या उजेडात प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या तरंगलांबीची रेषा टाकतं. यंत्रातली ग्रेटिंग, म्हणजे बारीक रेघा मारलेला पृष्ठभाग, तो उजेड फोडते, सेन्सर प्रत्येक रेषा किती झगझगीत आहे ते मोजतो आणि त्यावरून टक्के काढतो. कार्बनची रेषा १९३.०९ नॅनोमीटरला, गंधकाची १८०.७३ला, फॉस्फरसची १७८.२८ला. या तिन्ही रेषा अतिनील पट्ट्याच्या इतक्या टोकाला आहेत की साधी हवा त्यांना गिळून टाकते. म्हणून स्पार्कभोवती आणि प्रकाशाच्या वाटेवर हवा असून चालत नाही. हे ध्यानात ठेवा. आमचे १२ टन पुढे याच गोष्टीत गेले.

स्पेक्ट्रो यायच्या आधी मी अकरा वर्षं काचेवर, म्हणजे काचेच्या उपकरणांत रसायनं वापरून, काम केलं. कार्बनला स्ट्रोलाइन नावाचं उपकरण. नमुना ड्रिल करायचा, एक ग्रॅम किस तोलायचा, ऑक्सिजनच्या झोतात नळीभट्टीत जाळायचा, निघालेला वायू पोटॅशच्या द्रावणात शोषवायचा आणि ब्युरेट वाचायची. हात बसला की पाच-सात मिनिटांत कार्बन मिळायचा. फॉस्फरसचं मात्र तसं नव्हतं. ॲसिडात विरघळवा, परमँगनेट टाका, मॉलिब्डेट टाकून हलवा, पिवळा साका खाली बसू द्या, गाळा, ॲसिड निघेपर्यंत धुवा, मग अल्कलीत विरघळवून टायट्रेशन. कितीही घाई केली तरी अर्ध्या तासाच्या खाली कधी आलं नाही. १२ टन पातळ लोखंड अर्धा तास नुसतं धरून ठेवायचं म्हणजे विजेचं मीटर पळतंय आणि लायनिंग झिजतंय. कोण थांबणार? सगळीकडे कार्बन बघून हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, टॅप व्हायची, म्हणजे भट्टीतून ओतली जायची, आणि फॉस्फरस कळायचा तो बिलेट थंड होऊन रचल्यावर. तेव्हा कळून करायचं काय? वहीत लिहायचं.

स्पेक्ट्रोने बदललं ते हे. स्पार्क वीस-पंचवीस सेकंदांचा. नमुना काढणं, थंड करणं, घासणं, दोन-तीन बर्न (एकेक स्पार्क म्हणजे एक बर्न) घेऊन सरासरी, सगळं धरून पाच मिनिटांच्या आत चिठ्ठी हातात. आणि तेव्हा लोखंड अजून भट्टीत असतं.

एक हीट आकड्यांसकट सांगते. ५०० डी या दर्जाच्या सळईला आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे कार्बन ०.२५, गंधक ०.०४०, फॉस्फरस ०.०४० आणि गंधक-फॉस्फरस मिळून ०.०७५ टक्क्यांच्या आत लागतात. आमच्या भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, सिलिकाचं, म्हणजे ॲसिडिक. त्यात चुन्याचा स्लॅग (वर तरंगणारी मळी) धरून फॉस्फरस काढता येत नाही, लायनिंगच खाऊन टाकेल. लॅडल फर्नेस, म्हणजे भट्टीतून ओतल्यावर पोलाद शुद्ध करायची दुसरी भट्टी, असेल तर गंधक तिथे उतरतं, फॉस्फरस तिथेही उतरत नाही. आपल्या हातात एकच उपाय, चांगल्या मालाने पातळ करणं. त्या दिवशी भट्टीत ८ टन वितळलेलं असताना पातळ धातूचा नमुना, म्हणजे बाथ सॅम्पल, घेतलं, फॉस्फरस ०.०४६ आला. यार्डात प्रेसशॉपच्या पत्र्याचे स्वच्छ बंडल होते, ०.०२० फॉस्फरसचे. राहिलेले ४ टन तेच टाकले. हिशेब सोपा आहे, ८ टन ०.०४६चे आणि ४ टन ०.०२०चे, मिळून ०.०३७. हीट पास झाली. तोच नमुना ११ टनाला घेतला असता तर भट्टीत जागा एकाच टनाची, आणि उत्तर ०.०४४. फेल. यंत्र तेच, केमिस्ट तीच, भंगार तेच. म्हणून मी मेल्टिंगवाल्यांच्या मागे लागून दोन तृतीयांश भट्टी भरली की पहिला नमुना हा नियम करून घेतला. नुसत्या फायनल सॅम्पलसाठी स्पेक्ट्रो घेणार असाल तर घेऊ नका. सर्टिफिकेटपुरतं बाहेरच्या लॅबमध्ये नमुना पाठवणं स्वस्त पडतं.

दुसरा फायदा माझ्या अपेक्षेत नव्हता, तांब्याचा. काचेवर आम्ही कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस, फार तर सिलिकॉन बघायचो. तांबं कोण बघतं? मिलमध्ये अधूनमधून एखाद्या हीटचे बार स्टँडमधून बाहेर पडताना कडेला फाटायचे आणि मिलवाले बिलेटच्या तापमानाला दोष द्यायचे. स्पेक्ट्रो आल्यावर तांबं आणि कथील आपसूक चिठ्ठीत दिसायला लागले. मग फाटलेल्या हीटांचे नमुने काढून बघितले तर तांबं चढलेलं. भंगारात मोटारींचे आर्मेचर तांब्याच्या तारेच्या वाइंडिंगसकट येत होते. बिलेट तापताना वरचं लोखंड गंजून जातं, तांबं गंजत नाही. ते पृष्ठभागाखाली साठतं, वितळतं आणि दाण्यांच्या सांध्यांत शिरतं. रोलचा दाब आला की तिथेच चीर पडते. एकदा तांबं भट्टीत गेलं की कुठल्याही उपायाने बाहेर येत नाही. आता आर्मेचर यार्डातच वेगळे काढतात. ते काम करणाऱ्या बायकांना मी लॅबमध्ये बोलावून चिठ्ठीतला तो आकडा दाखवला होता. त्यानंतर त्यांच्या हातून आर्मेचर सुटलेलं मला आठवत नाही.

आता चाचांबद्दल. आमचे मेल्टर, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. चाळीस वर्षं भट्टीवर उभे. स्पूनमधून, म्हणजे नमुना काढायच्या लांब चमच्यातून, धातू ओतताना ज्या ठिणग्या उडतात त्या बघून कार्बन सांगतात. ठिणगी जितकी फुलते, जितके फाटे फुटतात, तितका कार्बन जास्त. यंत्र आलं त्या आठवड्यात ते लॅबच्या दारातून आत आले नाहीत, बाहेरूनच विचारायचे, "मॅडम, कितना बताया?" मी आकडा सांगायच्या आधी त्यांचा अंदाज विचारायला लागले आणि चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवायला लागले. महिन्याभरात दिसलं की कार्बन ०.२०च्या आसपास असेल तर त्यांचा अंदाज दोन-तीन पॉइंटांच्या (एक पॉइंट म्हणजे ०.०१ टक्का) पलीकडे सहसा चुकत नाही. तेव्हापासून यंत्राचा आणि चाचांचा आकडा पाच पॉइंटांनी वेगळा आला की मी नमुना पुन्हा घासते.

धातूच्या उजेडावरून पोलाद ओळखायचं ही काही आजची गोष्ट नाही. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी जर्मनीत १८५९-६०मध्ये वर्णपटावरून मूलद्रव्यं ओळखायची रीत घालून दिली. त्यानंतर दोन-चार वर्षांतच, १८६३ला, मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ हेन्री रॉस्को इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कारखान्यात बेसेमर कन्व्हर्टर या पोलाद बनवायच्या भट्टीच्या तोंडातून निघणारी ज्वाळा स्पेक्ट्रोस्कोपमधून बघत होते. हवा फुंकून कार्बन जळत असतो तोवर ज्वाळेत रेषांचा एक पट्टा दिसतो आणि कार्बन संपला की तो नाहीसा होतो. फुंकणं नेमकं कधी थांबवायचं ते त्यावरून कळायचं. तोवर हे फक्त मुरलेल्या कारागिराच्या नजरेला कळत होतं. हे वाचलं त्या दिवशी मी चाचांना जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून लॅबमध्ये आत येऊन खुर्चीवर बसायला लागले.

आता ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते, नमुना. स्पूनमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा टाकून धातू शांत करायचा आणि मगच मोल्डमध्ये ओतायचा, नाहीतर डिस्कमध्ये पोकळ्या राहतात. पाण्यात थंड केली की ती कोरडी करायची, पूर्ण कोरडी. घासलेल्या तोंडाला बोट लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणा कार्बन म्हणून मोजला जातो. सिलिकॉन कार्बाइडचा पेपर वापरला तर नावातच आहे, सिलिकॉन आणि कार्बन दोन्ही चढून येतात. आम्ही झिर्कोनियाचा बेल्ट वापरतो, आणि त्या बेल्टवर दुसरं काहीच घासत नाही. डिस्कच्या मधोमध स्पार्क टाकू नका, तिथे धातू शेवटी गोठतो आणि आत फट असू शकते. मध्य आणि कड यांच्या मधल्या गोलावर टाका. प्रत्येक बर्ननंतर इलेक्ट्रोडला ब्रश मारा. बर्न चांगला झाला की नाही हे आवाजावरून कळतं. चांगला स्पार्क एकसारखा घुमतो, भिंगरीसारखा. खाली पोकळी असेल किंवा डिस्क नीट बसली नसेल तर तो अडखळतो, फटफटतो. आणि डिस्क उलटी करून डाग बघायचा. मधे करडा खड्डा आणि भोवती स्वच्छ काळं कडं असेल तर आकडा घ्या. डाग पांढुरका पसरलेला असेल आणि काळं कडं नसेल तर स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असो, तो आकडा टाकून द्या.

दुसऱ्या पावसाळ्यात हाच पांढरा डाग आम्हाला महागात पडला. आरगॉनवाल्याने सिलिंडर बदलून दिला. लेबलवर ९९.९९९ टक्के शुद्ध लिहिलेलं होतं. मी त्या रात्री घरी होते, लेकाला ताप होता. रात्रपाळीचा मुलगा नवा, पण मेहनती. त्याला कार्बन ०.१७ दिसला. तीन बर्न एकमेकांपासून दूर होते, पण त्याने सरासरी काढली, कारण यंत्र सरासरी काढून देतंच. चाचा त्या रात्री सुट्टीवर. ०.१७ बघून भट्टीत सीपीसी, म्हणजे कार्बन वाढवायचा पेट्रोलियम कोक, टाकून सहा पॉइंट चढवले आणि हीट टॅप झाली. सकाळी मी येऊन आधी प्रमाणित नमुना, म्हणजे ज्यातले टक्के आधीच पक्के माहीत असतात तो, लावला, तर तोही पाच पॉइंट कमी दाखवतोय. सिलिंडर बदलून फायनल सॅम्पल पुन्हा लावलं, ०.२८. म्हणजे धातूत आधीच ०.२२ होता. वायूत हवा किंवा ओल होती, तिने कार्बनच्या रेषेचा उजेड वाटेतच खाल्ला आणि यंत्राने त्याला कमी कार्बन समजलं. १२ टन ५०० डीमधून बाहेर. साध्या ५००ची मर्यादा ०.३० आहे म्हणून त्यात तरी बसले, पण ऑर्डर डीची होती आणि भावातला फरक आम्ही भोगला. आरगॉनवाल्याने सिलिंडर परत नेला, भरपाई दिली नाही. तो मुलगा दोन दिवस कुणाशी बोलत नव्हता. चूक त्याची नव्हती, शिकवण्यात राहून गेलेल्या गोष्टीची होती, आणि ती गोष्ट माझ्याकडून राहिली होती.

तेव्हापासून प्रत्येक पाळीचा पहिला बर्न प्रमाणित नमुन्यावर, सिलिंडर बदलला की लगेच पुन्हा एक. तीन बर्नमध्ये ठरलेल्यापेक्षा जास्त अंतर असेल तर सरासरी काढायचीच नाही, नमुना पुन्हा घासायचा. सिलिंडर तळाशी जाईपर्यंत ओढायचा नाही. नळी तांब्याची, स्वच्छ केलेली. प्लास्टिकच्या नळीतून बाहेरची ओल आणि हवा आत झिरपते, डोळ्याला दिसत नाही.

विजेचं मात्र आम्हाला नशिबाने आधीच सांगणारं कुणी भेटलं. इंडक्शन भट्टी लाइनमध्ये प्रचंड हार्मोनिक, म्हणजे विजेच्या लहरीतली गडबड, सोडते. त्याच लाइनवर स्पेक्ट्रो लावला तर आकडे नाचतात आणि एक दिवस कार्ड उडतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ऑनलाइन यूपीएस आणि स्पेक्ट्रोसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा करा. जालन्याच्या उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायचं काम कुणाच्या तरी नावाने लावून द्या, माती कोरडी पडली की अर्थिंग गेलंच. खोली भट्टीपासून लांब, दोन दारांची, एसी चोवीस तास चालू. मे महिन्यात एकदा एसी बंद पडला आणि दुपारपर्यंत सगळे आकडे सरकले. ड्रिफ्ट करेक्शन, म्हणजे सरकलेले आकडे पुन्हा जागेवर आणणं, करून वेळ मारून नेली, पण खोलीचं तापमान वर-खाली होत असेल तर ते करेक्शन तासाभरात पुन्हा करावं लागतं. यंत्र बंद तर करूच नका. दिवाळीत आम्ही चार दिवस बंद ठेवला, परत स्थिर व्हायला जवळजवळ पूर्ण दिवस गेला. आता सुट्टीतही आरगॉनचा बारीक प्रवाह चालू असतो.

म्हणून कोटेशनवरचा आकडा म्हणजे खर्च असं समजू नका. एसी, यूपीएस, अर्थिंग, बेल्ट ग्राइंडर, प्रमाणित नमुने, रेग्युलेटर हे त्यात नसतं, आणि आरगॉन तर कायमचा. शेठना हे आधीच सांगा, नंतर सांगितलं तर ते प्रमाणित नमुन्यांवर काटकसर करतात आणि नेमकं तिथेच करायची नसते.

खरेदीत माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. आम्ही नायट्रोजनचं चॅनेल घेतलं नाही, पैसे वाचवले. आयएस १७८६मध्ये नायट्रोजनची मर्यादा ०.०१२ टक्के आहे आणि उत्पादकाने ते अधूनमधून तपासावं अशी अपेक्षा आहे. त्याची रेषा १४९ नॅनोमीटरला, फॉस्फरसच्याही खाली, त्यामुळे नंतर बसवायला गेलं की ऑप्टिक्सलाच हात घालावा लागतो. आम्ही आता नायट्रोजनला बाहेर पाठवतो. घेतानाच घ्या.

सर्व्हिसबद्दल आमचा अनुभव मिश्र आहे. पहिल्या वर्षी बोलावल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस यायचा. वॉरंटी संपली आणि एकदा यंत्र चार दिवस बंद राहिलं, इंजिनिअर पुण्याहून यायला वेळ लागला. आला तो मुलगा मात्र हुशार होता. स्पार्कचा उजेड यंत्रात जातो ती काच काढून दाखवली, स्पार्कच्या धुराने काळवंडलेली. आठवड्याला पुसायची असते हे आम्हाला बसवताना सांगितलंच नव्हतं. करार करताना किती तासांत माणूस येईल ते लिहून घ्या, आणि काच, इलेक्ट्रोड, ओ-रिंग यांचा एक संच आधीच मागून ठेवा.

मैत्रिणीने आणखी एक विचारलं होतं, हातात धरायची एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र, घेतली तर चालेल का? यार्डात भंगार निवडायला ती उत्तम, स्टेनलेस कुठलं ते चटकन सांगते. पण तिला कार्बन दिसत नाही. भट्टीवर तिचा उपयोग नाही.

आणि हो, स्ट्रोलाइन विकू नका. इंजिनिअरची वाट बघितली ते चार दिवस आम्ही त्याच्यावरच भट्टी चालवली, कार्बन काचेवर आणि बाकीचं बाहेरच्या लॅबमधून. आमचं अजून खिडकीपाशी आहे. महिन्यातल्या एका शनिवारी मी रात्रपाळीच्या त्या मुलाला थांबवून घेते, एकच नमुना दोन्हीकडे चालवायचा. पोटॅशचं द्रावण तो आता स्वतः करतो.